कस्तुरीचा लगाम

जयेंद्रगंज, ग्वाल्हेर
१३ जानेवारी

ती. बाबा,
तुम्हाला आणि आईला नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. लांब पल्ल्याच्या सरावात, विसाव्याच्या जागी, लोकांनी माझ्या हातातून कस्तुरीचा लगाम घेतला. मला घोडी सांभाळता येत नाही असं त्यांना वाटलं, म्हणून शर्यतीतून नाव काढून देवासला परत येते, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते साफ चुकलं.

इथे घोड्याच्या हृदयाचे ठोके उतरल्याशिवाय डॉक्टर पुढे सोडत नाहीत. म्हणून जो येईल त्याच्या घोड्याला सगळेच भिडतात. कोणी खोगीर उतरवतं, कोणी पाणी ओततं. परवा मी माझ्यासोबत सराव करणाऱ्या रुचिकाच्या घोड्यावर बादल्या ओतल्या आणि तीच माझ्या पुढे निघून गेली! आमच्यातले सर्वांत जुने स्वार दौलतसिंहकाका म्हणाले, "बेटा, हरवायचं ते रस्त्यावर. इथे सगळे घोडे आपलेच." रुचिका म्हणते, "त्या दिवशी लगाम असा धरलास, जसं काय आम्ही घोडी पळवूनच नेणार होतो!" मलाच हसू आवरेना.

आपला घोडा आपणच बघायचा, हे तुम्ही शिकवलंत, ते विसरले नाही. पण तुमचा खांदा कसा आहे? खरं सांगा. घरच्या घोड्यांचा खरारा थोडे दिवस धाकट्या उत्कर्षला करू द्या ना.

आईला सांगा, हेल्मेट रोज घालते.

नाव काढलेलं नाही. रविवारी, अठरा जानेवारीला, चाळीस किलोमीटरला उतरणार आहे, आणि विसाव्याला पोचले की लगाम आपणहून काकांच्या हातात देणार आहे.

तुमच्याच तालमीतली,
उन्नती