मी मध्ये बोलत नाही

४ जून
आजपासून सहा आठवडे कॉलेजच्या दोन मुली संस्थेत इंटर्न. एक चष्मेवाली, एक सारखी हसणारी. मी त्यांचा मेंटॉर. वस्तीतल्या आमच्या खेळघरात मुलं हल्ली का येत नाहीत, हे त्यांनी घरोघर आयांना विचारायचंय. गेल्या वर्षीचे इंटर्न 'सगळं सरच करतात' असं लिहून गेले. यंदाही तेच झालं, तर कॉलेज आमच्याकडे कुणाला पाठवणार नाही म्हणे. संकल्प : मध्ये बोलायचं नाही. चुकू द्यायचं.

५ जून
नाही बोललो. त्यांच्या प्रश्नावलीतला चौथा प्रश्न तेवढा बदलला. आणि सहावा. मग क्रमही बदलावाच लागला.

९ जून
पहिल्या तीन घरांनी मुलींना दारातूनच वाटेला लावलं. हसरी म्हणाली, उद्या पुन्हा जाऊ की! मला घास गिळवेना. बायको म्हणाली, चुका त्यांच्या, उपास तुझा?

१० जून, सकाळी ११
विचाराअंती लक्षात आलं, संकल्प मध्ये न बोलण्याचा आहे. आधी बोलण्याबद्दल त्यात काही नाही. एकवीस घरी जाऊन आलो. मुली येतील, मोकळेपणाने बोला, इतकंच सांगितलं. शिंपीणकाकूंनी विचारलं, पण बोलू काय? तेव्हा म्हटलं, उदाहरणादाखल, खेळघराची वेळ गैरसोयीची आहे असं सांगा. पुढच्या घरांतही मग तेच उदाहरण दिलं. भेदभाव नको.

१६ जून
घवघवीत यश! एकवीस घरं, एकच उत्तर : वेळ गैरसोयीची. चष्मेवालीने विचारलं, सर, एक आजी 'उदाहरणादाखल' कशा म्हणाल्या? म्हटलं, वस्तीत वाचन वाढलंय.

१७ जून
हे खोटं बोलणं झालं का? वाचन वाढलंही असेल. तरी मुलींचे मार्क या अहवालावर आहेत. योग्य वेळ बघून सांगतो.

२५ जून
योग्य वेळ आली नाही. मुली मला न सांगता पुन्हा सगळीकडे फिरल्या. शिंपीणकाकू म्हणाल्या, अगं, तुमचे सर आधीच धडा पाठ करून घेऊन गेले! खरं कारण भलतंच निघालं. खेळघरात कुणी गृहस्थ मुलांच्या शेजारी बसून कसं खेळायचं ते शिकवत राहतात, म्हणून मुलं कंटाळली. कोण असतील? तिथे रोज मीच असतो. माझ्या नजरेतून असा माणूस सुटला कसा?

२६ जून
सुटला नव्हता.
मुलींना सगळं सांगितलं. चष्मेवाली म्हणाली, ठाऊक आहे सर. हसरी हसली.

१५ जुलै
कॉलेजात सादरीकरण. मुली वर्गात पहिल्या. प्राध्यापकबाईंना 'अभ्यासाच्या मर्यादा' हे प्रकरण फार आवडलं. पहिली मर्यादा, अपुरा वेळ. दुसरी, लहान वस्ती. तिसरी, मार्गदर्शक. खाली माझी सही लागत होती. केली. तिसराच आहे, पहिला नाही. पुढच्या वर्षीही इंटर्न येणार!

१६ जुलै
मुलींच्या शिफारशीनुसार खेळघरात पाऊल टाकलं नाही. चौतीस मुलं आली. मी बाहेर, बंद खिडकीशी. एक चिमुरडी चित्रकोड्याचा तुकडा उलटा बसवत होती. पाच मिनिटं कळ काढली.
मग काचेवर बोटाने फक्त दाखवलं. बोललो नाही.