हिरड्यांचं काही विशेष नाही

४ फेब्रुवारी, सकाळी
चूळ भरली तर रक्त. दोष ब्रशचा. मऊ ब्रश आणला. प्रश्न मिटला.

११ फेब्रुवारी
मिटला नव्हता. आता ठरवलंय, रक्त येतं ती बाजू घासायचीच नाही. जखमेला आराम लागतो, साधं लॉजिक आहे. आज एक थेंबही नाही. ही असती तर नाक मुरडलं असतं. ही जाऊन आता बरेच महिने झाले. मला तसा काही त्रास नाही. झोप लागते, जेवण जातं. लोक उगाच खांद्यावर हात ठेवतात.

२ मार्च
मुलगी आली. जवळ बसली, मग जरा लांब सरकली. म्हणाली, बाबा, तोंडाला वास येतोय. म्हटलं, कांदा खाल्ला. म्हणाली, घरात कांदाच नाहीये, मी पाहिलं. मला न विचारता अपॉइंटमेंट घेऊन मोकळी झाली.

५ मार्च
दातांच्या डॉक्टर मुलीच्याच वयाच्या. दात आणि हिरडीच्या मधे बारीक सळई घालून फट किती खोल ते मोजतात आणि असिस्टंटला आकडे सांगतात. तीन, चार, सहा, सात. मार्क चढत चालले म्हणून बरं वाटलं. नंतर कळलं, तीनच्या वर गेलं की वाईट. हिरडी दातापासून सुटलीय, खाली किटण साचलंय, आतलं हाड झिजतंय. डावीकडचा वरचा पुढचा दात हलतोय. म्हटलं, पण दुखत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच लोक उशिरा येतात. हे काही पटलं नाही. न दुखणं हा आजार कसा होईल?
आतून सफाई करायची, एकदा उजवी बाजू, एकदा डावी. शिवाय रोज दातांच्या फटींतून दोरा फिरवायचा. आजपासून फिरवणार.

६ मार्च
दोरा उद्यापासून.

१४ मार्च, संध्याकाळी
उजवी बाजू झाली. इंजेक्शनने अर्धा चेहरा बधिर. घरी येऊन चहा घेतला, त्यातला निम्मा शर्टाने प्यायला. मुलगी थांबली होती. हिचं कपाट उघडून तिने विचारलं, आईचे कपडे काय करायचे? हातानेच खुणावलं, देऊन टाक. ती एक स्वेटर मांडीवर घेऊन रडत बसली. मी समोर उभा. तोंड बधिर होतं, नाहीतर काहीतरी बोललो असतो.
जेवायच्या वेळेपर्यंत इंजेक्शन उतरलं म्हणे. मला फारसा फरक जाणवला नाही.

२८ मार्च
डावी बाजू पुढे ढकलली. ऑफिसात फार काम आहे. उजवी सुधारलीय, तिचं बघून डावीही सुधारेल. क्लिनिकमधून फोन आला. बाहेरगावी आहे म्हणून सांगितलं. मागे आमच्याच गल्लीतला भाजीवाला ओरडत होता.

१९ एप्रिल
ऑफिसच्या कामाने एका बिल्डिंगची लिफ्ट तपासायला गेलो. सेक्रेटरी म्हणाले, लिफ्ट चालतेय, आवाज नाही, मग सर्व्हिसिंगचा खर्च कशाला? चांगलं झापलं. म्हटलं, आवाज यायची वाट बघत बसलात तर एक दिवस सगळे खाली याल. दात हलत होता, म्हणून मागून जीभ लावून धरून बोललो. तरी छाप पडली.

१० मे, सकाळी
दात पडला. केळं खाताना. सफरचंद असतं तर निदान चारचौघांत सांगता आलं असतं. दुखलं अजिबात नाही. तळहातावर घेऊन हिला दाखवायला आतल्या खोलीत गेलो. दार उघडल्यावर लक्षात आलं. पलंगावर बसलो. बराच वेळ बसलो.
मग मुलीचा फोन. कसे आहात? सगळं व्यवस्थित आहे, म्हणायला गेलो तर पहिल्याच अक्षराला शिट्टी वाजली. ती हसली. हसता हसता गप्प झाली. म्हणाली, निघते मी, तासाभरात पोचते.
येऊ नको, असं म्हटलं नाही.