दोन्ही आडनावं

१२ ऑगस्ट

सुई आत गेली तरी ताई हसतच होती. मी शाळेच्या दारात उभी, हातात पिठाची परात. सान्तियागोहून रक्त घ्यायला आलेल्या मुलींपैकी एकीने विचारलं, "पुढची कोण?" मी परात ठेवली, बाही वर केली. तिने आडनावं विचारली.

सान्हुएसा पाइनेकेओ.

"एकच मापुचे आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "आम्हाला दोन्ही हवीत, वडिलांचंही आणि आईचंही. राग मानू नका हं, मावशी."

मावशी!

ताई म्हणजे मिरेया आंतिलाफ पाइनेकेओ. दोन्ही चोख. आमची आई एक, बाप वेगळे. तिचा बाप आमच्यातला, इथल्या मूळ मापुचे लोकांतला, तो वारला. माझा विंका, परका — बटाट्याच्या हंगामाला आला, बटाटे संपल्यावर गेला. आडनाव तेवढं ठेवून.

बाही खाली केली. मागे जाऊन त्या पिठाच्या पुऱ्या, सोपाइपिया, तळल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. त्या मुलींनीही.

१३ ऑगस्ट

त्यांनी काय सांगितलं ते लिहून ठेवते. आमच्या लोकांत पित्ताशयात खडे लवकर होतात, आणि खड्यांच्या मागून कधी कधी कॅन्सर. मापुचे रक्ताचा वाटा जितका जास्त, तितकी भीती जास्त — असं त्यांना दिसलंय. का, ते अजून शोधतायत. रक्त त्यासाठीच. काही जणांना पुढे तेमुको शहरात सोनोग्राफीला बोलावतील.

क्लोरिंदा मावशी यातच गेली. ती आईची बहीण. म्हणजे माझीही मावशीच ना?

शेजारचा सेगुंदो कुंपणावरून ओरडला, "नेल्दा, तुझी मजा आहे! तू अर्धीच आजारी पडशील!"

आई हसली. हसली!

१५ ऑगस्ट

आईने ताईसाठी वेगळं शिजवलं. चरबी नाही, तळण नाही. "तिला जपायला हवं," म्हणाली.

ताई वीस वर्षं सान्तियागोत लोकांच्या फरशा पुसत होती. आपली भाषा विसरून आली. आई बोलायला लागली की माझ्याकडे बघते — "नेल्दा, काय म्हणतेय गं?" आईचे पाय मी चेपते. लाकडं मी फोडते. मागावर मी बसते. मापुचे मात्र ती.

आता आजारसुद्धा तिच्याच नावाचा!

१८ ऑगस्ट

माझ्याही उजव्या बरगडीखाली दुखतंय. जेवल्यावर. कोणाला सांगितलं नाही. "तुला कसं होईल?" म्हणतील.

१९ ऑगस्ट

पाऊस. दुखतंय.

२१ ऑगस्ट

फोन आला. ताईचा फोन इथे लागत नाही, म्हणून तिने माझा नंबर दिलेला.

"मिरेया आंतिलाफ?"

"हो. मीच."

ठरवलं नव्हतं. जीभ आपोआप वळली. शुक्रवारी तेमुको, सोनोग्राफी, उपाशीपोटी यायचं.

आत गेले. आई आणि ताई माते, तो कडवट पाल्याचा चहा, पीत बसलेल्या. भांडं एक, नळी एक, आळीपाळीने.

"कोणाचा गं?" ताईने विचारलं.

"राँग नंबर."

२३ ऑगस्ट

लोकर विकायला जाते म्हणून सांगितलं. थंडी आहे म्हणून ताईचा कोट मागितला. तिनेच बटणं लावून दिली. तिचं ओळखपत्र खिशातच असतं, हे मला माहीत होतं. फोटोत मीच दिसते. तोंड दोघींचं आईचं.

तिथे डॉक्टरने कार्ड वाचलं, दोन्ही आडनावं, मोठ्याने. "वडील मापुचे?"

"वडील मापुचे. आई मापुचे."

इतकं सोपं होतं!

पोटावर काहीतरी गार, चिकट. "श्वास आत घ्या. धरून ठेवा, मिरेया." पडद्यावर करडं धुकं. मी खड्यांची वाट बघत होते. खरंच वाट बघत होते.

"एकही खडा नाही. काचेसारखं स्वच्छ."

"पुन्हा नीट बघा ना."

तो हसला. "असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

परतीच्या बसमध्ये दुखणं थांबलेलं होतं. लाज वाटली नाही. अपमान वाटला.

२७ ऑगस्ट

माझे हात लोकरीच्या रंगात बुडालेले. फोन वाजला. ताईनेच घेतला, कुंपणाकडे धावली. मी हात पुसेपर्यंत ती नाचत परत आली.

"आई! माझं पित्ताशय स्वच्छ आहे! खडे नाहीत, काही नाही!"

"पण त्या सोनोग्राफीला बोलावणार होत्या ना?"

"आवाज तुटत होता गं, सगळं ऐकू नाही आलं. पण रक्तातच कळतं आता! चांगलं निघालं म्हणून बोलावलं नसेल."

आईने तिला मिठीत घेतलं. मग तिच्या खांद्यावरून मला म्हणाली, "नेल्दा, सोपाइपिया तळ."

तळल्या. ताईने पोटभर खाल्ल्या.

२८ ऑगस्ट

लाकडं रचत होते. ताई जवळ आली.

"एक सांगू? आईला बोलू नकोस. मला इथे दुखतं." हात उजव्या बरगडीखाली. "सान्तियागोतच सुरू झालं. म्हणून तर परत आले. म्हटलं मरायचंय तर घरी मरू. आणि निघालं काय — नुसता गॅस!"

ती हसली. मी हातातलं लाकूड ठेवलं. तोंड उघडलंही.

तेवढ्यात ती म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. तू आईपाशी राहिलीस. भाषा तुझ्याकडे. मला काय मिळालं? दोन आडनावं. तिकडे आडनाव ऐकलं की मालकिणी चमचे मोजायच्या. तुझा हेवा वाटतो मला, खरंच."

माझा हेवा!

ते मला आवडलं. फार आवडलं. ते खराब होऊ नये म्हणून गप्प राहिले.

२९ ऑगस्ट

सांगितलं नाही.

३० ऑगस्ट

तेमुकोच्या माणसाने स्वच्छ म्हटलं ते माझं पित्ताशय. तिचं कोणी बघितलेलंच नाही. हे मी लिहू शकते. बोलू शकत नाही. बोलले तर ती पुन्हा आजारी आणि मी — मी कोण?

३१ ऑगस्ट

ताई जेवली नाही. अंगाला खाज सुटलीय म्हणाली. आईने चिडवलं, "सोपाइपिया नडल्या!" दोघी हसल्या. उद्या सांगते.

१ सप्टेंबर

सकाळी ताई खिडकीतल्या आरशासमोर उभी होती, बोटाने पापणी खाली ओढून. डोळे पिवळेधमक. "पण रिपोर्ट चांगला आहे ना गं?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. आई चुलीपाशी होती, तिनेही ऐकलं. पहिल्या बसने तेमुकोला निघालो. ताई पुढे खिडकीशी बसली. मी मागच्या बाकावर.