एका कान्याचा फरक

३ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? नुसतं 'बरा आहे' लिहू नकोस. जिना चढतेस की नाही ते लिही.

बाबांचं सामान न्यायला ग्रंथालयाची माणसं पंधरा तारखेला येणार आहेत. रानावनात हिंडून लिहिणाऱ्या पहिल्या पिढीचे लेखक म्हणून त्यांच्या नावाचं दालन होणार आहे. दुर्बीण, काठी, बूट, संपादकांची पत्रं, एकवीस वह्या. यादी मीच करते आहे. बूट माझ्या पायात चपखल बसले तेव्हा हसू आलं. मग वह्या उघडल्या.

अक्षर तुझं आहे, त्याचं नवल नाही. बाबा सांगायचे आणि तू उतरवून घ्यायचीस, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण 'मी ओढ्याशी थांबलो' यातला शेवटचा काना वेगळ्या शाईचा आहे. 'चढलो', 'घाबरलो', 'परतलो', सगळीकडे तेच. काना बोटाने झाकला की 'थांबले' उरतं. काल दिवसभर मी काने झाकत बसले होते.

बाबांवर चोरीचा आळ घेते आहे का मी? तसं मनात येणं वाईट, आणि न विचारता यादीखाली सही करणं त्याहून वाईट. खरं काय ते कळव.

लोभ आहेच, तो या प्रश्नानंतरही उरावा.

तुझी भाची


८ मार्च

चि. शंकासुरास अनेक आशीर्वाद.

जिना चढत नाही. झालं समाधान?

चोरीबिरी काही नाही. काने मीच दिले. एकटी बाई रानात हिंडते हे तेव्हा कोणी छापलं नसतं, म्हणून दादाचं नाव घातलं. तो नको नको म्हणत होता, मीच गळ घातली. दादा जळवांना इतका भ्यायचा की ओढ्यापुढे कधी आला नाही. काठावर डबा धरून संध्याकाळपर्यंत माझी वाट बघायचा. बक्षीस मिळालं तेव्हा व्यासपीठावरून मला हाक मारणार होता. मी खालून डोळे वटारले. पुढे माझ्या गुडघ्याने दगा दिला आणि लोक म्हणाले, त्याची लेखणी आटली.

एकविसाव्या वहीत काने द्यायचे राहिलेत. आता माझा हात कापतो. तेवढे तू दे, आणि मगच वही त्यांच्या हवाली कर. गेलेल्या माणसाची शोभा करू नकोस.

जेवणाखाण्याची हेळसांड करू नये, हा आत्याचा हुकूम.

आत्या


१६ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

शाई जुळवून आणली होती. पहिल्याच पानावर 'मी दमले' होतं. पेन टेकवलं आणि बाबा डोळ्यांपुढे आले. खिडकीशी बसलेले, पुढ्यात कोरा कागद. शेवटच्या वर्षी मी त्यांना रोज टोचायचे, की एक ओळ तरी लिहा, आळस बरा नव्हे. ते एवढंच म्हणायचे, की पाय चालले तर हात चालेल. त्यांचे पाय तर ठणठणीत होते! एवढी शंकासुर मी, तेव्हा एकदाही कशी शंका आली नाही?

काना दिला नाही. वही आहे तशी दिली, बाकीच्या विसांच्या वर ठेवून. यादीत बुटांपुढे 'आत्याचे' लिहिलं. तोंडाने काही बोलले नाही, वाचणाऱ्याला दिसेल. तुझा शब्द मोडला, हे खरं. बाबांची शोभा केली की सुटका, ते मला ठरवता येत नाही.

रागाव, पण पत्र लिहून रागाव. गप्प बसू नकोस. गप्प बसलेलं एक माणूस मी या घरात पाहिलंय, आणि त्याला आळशी म्हटलंय.

काठावर बसून तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी भाची