दादाचा वाघ-शेळीचा खेळ

बुधवार, २३ एप्रिल

झहूरभाईने दादाचा कॉम्प्युटर आणून दिला. पॉवर सप्लाय दुरुस्त, पडदा उजळला — आणि ‘वाघ-शेळी’ गायब! एकोणऐंशी साली दादाने लीड्समध्ये नॅसकॉम नावाच्या घरी बांधायच्या कॉम्प्युटरचा किट मागवला, सुटे भाग स्वतः सोल्डर करून मशीन बांधलं. हा खेळही त्यानेच लिहिला. मशीन अगदी दादासारखं खेळायचं, शेळी मारायची घाई न करता. दादा जाऊन अकरा वर्षं झाली, मी अजून त्याच्याकडून हरत होतो. दुसरी प्रत नाही.

झहूरभाई नजर चुकवून म्हणाला, “चालू झाला, भाऊ. बाकीचं बघू हळूहळू.” बाकीचं म्हणजे काय?

गुरुवार, २४ एप्रिल

खेळ ज्या चिपवर होता, तिचा नंबर माझ्याकडच्या फोटोशी ताडून पाहिला. चिप तीच. म्हणजे बदलली नाही — कॉपी करून पुसली. इथे कुवेतला, सालमियात मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जुन्या चिपा वाचायचं यंत्र असतंच कशाला?

शुक्रवार, २५ एप्रिल

इंग्लंडमधल्या जुन्या नॅसकॉमवाल्यांचा ग्रुप चाळला. सहा तारखेची पोस्ट झहूरभाईची! दादाचं नाव, खेळाचं नाव, आणि खाली — ‘माहिती असेल तर मला खासगीत कळवा.’ गिऱ्हाईक शोधतोय.

शर्मिला म्हणते, “अहो, बारा वर्षं ओळखतो आपण त्याला.” म्हणून तर गाफील राहिलो.

शनिवार, २६ एप्रिल

दुकानात जाऊन बोललो. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर. चोर म्हणालो. तो टेबलावरचे स्क्रू गोळा करत राहिला.

“चिप माझ्याकडं आली तेव्हाच कोरी होती, भाऊ.”

मग तेव्हाच का नाही सांगितलं? यावर त्याने पुढच्या गिऱ्हाइकाचा मोबाइल हातात घेतला.

सोमवार, २८ एप्रिल

पुरावा हवा म्हणून ग्रुपवर विचारलं, ‘वाघ-शेळी’ची चिप कोरी कशी झाली असेल; झहूरभाईचं किंवा दादाचं नाव न घेता. एका म्हाताऱ्याने लगेच लिहिलं — या चिपवर काचेची छोटी खिडकी असते, उन्हाने आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून वर पट्टी चिकटवतात. ‘पट्टी कोणी काढली?’

मी. नंबरचा फोटो हवा होता म्हणून. घरात पसारा नको, असं शर्मिला म्हणाली आणि मी मशीन गॅलरीत ठेवलं. मग कामावर, मीना अब्दुल्ला रिफायनरीत, देखभालीचा शटडाऊन लागला, रोज बारा तास ड्यूटी. मशीन दहा दिवस तसंच उघडं, कुवेतच्या उन्हात. झहूरभाईकडे दिलं ते त्यानंतर.

आणि मी इंजिनिअर म्हणवतो! दादाचा खेळ मी पुसला.

मंगळवार, २९ एप्रिल

माफी मागायला निघालो. काचेतून तो कामात दिसला. आत जायचा धीर झाला नाही, गाडी वळवून घरी आलो.

गुरुवार, १ मे

ग्रुपवरचा माझा प्रश्न वाचून इंग्लंडच्या नॅसकॉम क्लबच्या जुन्या चिटणिसांचा मेल. ऐंशी सालच्या पत्रकात दादाने अख्खा प्रोग्रॅम छापायला दिला होता, तो सापडला. पाठवणार मात्र कुवेतच्या झहूर यांना, कारण महिनाभर तेच मागे लागलेत. पुढे लिहिलंय — ‘ते म्हणतात, एका मित्राच्या भावाची आठवण आहे, मित्राला कळायच्या आत मिळाली तर बरं. तुम्हीही कुवेतचे. त्या मित्राला ओळखता का?’