एसी लावला की मिसिंग

भिंगार, रविवार, संध्याकाळ

दमलोय. अण्णांच्या जुन्या गाडीने माझे सगळे रविवार खाल्ले. एसी बंद असला की गाडी गुमान चालते, लावला की इंजिनाचं मिसिंग सुरू, नुसते झटके. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, दोन मेकॅनिक झाले. "एसी लावूच नका," हा त्यांचा सल्ला!

आज वैतागून डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि सापडलं. एसीची वायर इंजिनाला स्पार्क देणाऱ्या कॉईलच्याच वायरला जोडलेली. एसी लागला की कॉईलला करंट कमी पडणार, मग स्पार्क चुकणारच. कोण हा शहाणा, म्हणून टेप सोलायला गेलो, तर टेपवर गोधडीचा लाल दोरा घट्ट गुंडाळलेला.

आमच्या घरात रिमोट, टॉर्च, छत्री, सगळ्याला अण्णांनी गुंडाळलेला हा दोरा असतो. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याच्या दांडीलासुद्धा.

जोड कापला, एसीला वेगळी वायर टाकली. एसी लावला, इंजिन शांत. तेवढ्यात अण्णा ओट्यावरून उठून आले. कापलेला तुकडा त्यांनी माझ्या हातातून घेतला.

"ह्यो कुनाचा उद्योग?"

खरंच आठवत नव्हतं का? हल्ली जेवल्याचंही विसरतात. मी म्हणालो, "असेल कुणीतरी जुना मेकॅनिक."

बराच वेळ त्या लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"जोड मातर पक्का हाय त्याचा," म्हणाले, आणि तुकडा खिशात टाकला.