फेस न येणारे दगड

६ एप्रिल २००२, शनि.
आज चाळणीतून भलतीच माती गेली. गुरुवारी दुपारी टेबलावर पाच कापडी पिशव्या होत्या. आत १ ते ५ आकड्यांच्या जुनाट चिठ्ठ्या, स्लिप नाही. स्लिप नाही म्हणजे घाईचं काम, बांधकामाच्या मातीतलं क्लोराइड-सल्फेट तपासायचं. लॅबमध्ये बारा वर्षं हेच चालत आलंय. जाताना ओव्हनमध्ये टाकल्या, ११० वर. आज दोन मि.मी.च्या चाळणीतून काढल्या. दगड मागच्या ढिगावर, माती पाच बरण्यांत, बरण्यांवर नंबर. सायमनच्या टेबलावर पिशवी आली की काम झालंच समजा, ही आपली ख्याती.
पण ओव्हन उघडला तेव्हा वास आला. ओल्या लाकडाचा, पाल्याचा. आमच्या ओव्हनला आजवर तापलेल्या धुळीशिवाय कसला वास नाही. माती तरी कसली, एक काळी, एक राखेसारखी, एक गंजासारखी लाल. आणि दगडच दगड, मातीच्या दुप्पट. दोन मिनिटं बघत उभा राहिलो. कुणाला तरी विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही.

७ एप्रिल
आमच्या सीनियर, नेगी मॅडम, साइटवरून परत. आल्या आल्या, "सायमन भाई, वो मेरी पाँच थैलियाँ?" मी ऐटीत बरण्या दाखवल्या.
"और पत्थर?"
फेकले, म्हणालो.
स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "पत्थर ही तो मिट्टी थी, भाई."
हळूहळू कळलं. मॅडम कुल्लूच्या. मनालीच्या वर देवदाराच्या जंगलात एका कड्यासारख्या उतारावर त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी खड्डा खणला होता, पीएचडीसाठी. पाच थर, पाच पिशव्या. मग लग्न, नवऱ्याची नोकरी, दोहा, आणि थीसिस राहिला तो राहिलाच. पिशव्या माहेरी माळ्यावर. गेल्या महिन्यात भावाने आणून दिल्या, कारण त्यांचे गाईड या वर्षी रिटायर होतायत आणि म्हणालेत, आता तरी पूर्ण कर. अट एकच. प्रत्येक थरातल्या दगडांचं वजन जुन्या वहीशी जुळलं पाहिजे.
आणि मी दगड फेकले.
घरी बायकोला, रिटाला सांगितलं. ती म्हणाली, "तू कधी कुणाला विचारतोस का? बरण्यांना तरी विचारायचं."
जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
मागचा ढीग म्हणजे अर्धा ट्रक. सगळ्या दोह्याचा खडा तिथे येऊन पडतो. त्यात माझे (मॅडमचे) दगड. पांढरे, करडे, सगळे धुळीने एकाच रंगाचे.
आज चहाच्या वेळी डोक्यात आलं. इथला दगड चुन्याचा. त्यावर पातळ ॲसिडचा थेंब टाकला की फेस येतो. डोंगरातल्या दगडाला येणार नाही! धावत जाऊन ड्रॉपर आणला, पहिल्या तासात अकरा सापडले. क्रशरच्या काळ्या खडीलाही फेस येत नाही, पण तिच्या कडा ताज्या, धारदार. मॅडमच्या दगडांच्या कडा घासलेल्या असतात.
मॅडम खिडकीतून बघत होत्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या, हातमोजे घालून. माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. बरं वाटलं.

१२ एप्रिल, शुक्र.
सकाळची मिस्सा-प्रार्थना झाल्यावर लेकीला, मेलीला घेऊन लॅबवर. सुटीच्या दिवशी नाक मुरडेल वाटलं होतं, पण माझा गॉगल लावून दोन तास बसली. ड्रॉपर माझ्या हातात, निकाल तिच्या तोंडी. "फिझिंग. फिझिंग. पप्पा, धिस वन इज नॉट फिझिंग!" अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलेल तर शपथ.
मॅडम तिला म्हणाल्या, ये पत्थर नदी ने नहीं, बर्फ़ ने घिसे हैं. त्या उतारावर हजारो वर्षांपूर्वी बर्फाचे थर चढले, खाली सरकले, सरकताना पोटात डोंगर खरवडत आणला. बर्फ वितळला, दगडगोट्यांचा खच उतारावर राहिला आणि त्यावर जंगल उगवलं. माती जेमतेम, तरी देवदार उभे. मुळं दगडांना धरून असतात आणि दगड मुळांना. मॅडम हाताची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवत होत्या. मी खरंच थक्क झालो. मी वसईचा. आमच्या वाडीत फावडं मारलं की मऊ माती, दोन हातांवर पाणी. दगड लागला तर शेजाऱ्याला दाखवायला नेतात. आणि इथे एक झाड खडीच्या खचावर शंभर फूट वर जातं.

१५ एप्रिल
दगड मिळाले, पण कुठला कुठल्या थरातला? सगळे एकत्र. मी हात टेकले होते. मॅडमनी भिंग दिलं. म्हणाल्या, अंगावरची माती बघा, ती विसरत नाही.
आणि खरंच! पहिल्या थराच्या दगडांना काळपट डाग आणि केसांएवढी मुळं. दुसऱ्याच्या अंगावर राखेच्या रंगाची माती. तिसऱ्यावर तांबूस साय. चौथ्याच्या फक्त डोक्यावर बारीक गाळाची टोपी, वरून झिरपणाऱ्या पाण्याने घातलेली. पाचव्यावर बर्फाने ओढलेल्या रेघा, सगळ्या एका दिशेने. बारा वर्षं मी असले दगड न बघता फेकतोय. लाज वाटली आणि मजाही वाटली.
इथे पाऊस नाही म्हणून ढिगात पडूनही टोप्या शाबूत राहिल्या.

१८ एप्रिल
लिहिलं आणि नजर लागली. सकाळी आभाळ भरून आलं. मी आणि मॅडम ताडपत्री घेऊन धावलो. चार कोपरे, माणसं दोन. शेवटी मॅडम एका कोपऱ्यावर स्वतः बसल्या, सीनियर मॅडम! चार थेंब पडले आणि खलास. दोघंही हसत सुटलो. सातव्या तारखेनंतर आज पहिल्यांदा हसल्या.

२७ एप्रिल
वजनं झाली. मी काटा वाचायचा, मॅडम वहीत बघायच्या. पहिला थर, जुळला. दुसरा, जुळला. तिसरा, चौथा, दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे. मॅडम दर वेळी श्वास सोडायच्या, मीही.
पाचवा ४२० ग्रॅम कमी.
परत केलं. ४२० कमी. ढीग पुन्हा उपसला, तीन दिवसांत पुन्हा उपसेन. एका दगडाचा फरक आहे, मुठीएवढ्या.

४ मे
नाही सापडला. ढिगातल्या प्रत्येक दगडाला मी आता ओळखतो. गाईड सरांना सगळं जसं घडलं तसं कळवू, असं मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, माझं नाव घाला, चूक माझी. "आपका नाम तो डालूँगी," म्हणाल्या. पत्र वाचायला दिलं. त्यात चुकीबद्दल एक ओळ, आणि मी थर कसे वेगळे केले त्याबद्दल अर्धं पान. डोळे भरून आले, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

२५ मे
उत्तर आलं. चार थर मान्य. पाचवा एक तर वगळा, नाही तर त्याच उतारावर नवा खड्डा खणून नवीन नमुना आणा.
पाचवा वगळला तर बर्फाची गोष्टच जाते, मॅडम म्हणतात. बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

१ जून
मॅडमनी तिकीट काढलं. गुडघा दुखरा, वय सत्तेचाळीस, नवरा म्हणतो वेड लागलंय. पण आज लॅबमध्ये नवे बूट घालून चालून बघत होत्या, कडकपणा मोडावा म्हणून. मला बूट दाखवले. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नाही.
"उन्नीस साल में एक बार ऊपर नहीं गई, सायमन भाई. हर बार कोई काम. इस बार पत्थर कम पड़ गया तो जाना ही पड़ेगा!"
इन्शाल्ला, म्हणालो. त्याही म्हणाल्या.

७ जून, शुक्र.
दुपारी मेलीचं कपाट आवरताना रिटाने हाक मारली. रंगांच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेला एक दगड. मुठीएवढा, राखाडी, अंगावर सरळ रेघा.
मेली रडायला लागली. "आय जस्ट वॉन्टेड वन, पप्पा. इट वॉज सो ब्यूटिफुल." पहिल्या शुक्रवारीच उचलला होता. मग आम्ही शोधतोय हे कळलं आणि सांगायची हिंमत झाली नाही. तिला काय रागावणार? सुंदर आहेच. आणि न विचारता करायची सवय कुणाची, हे रिटाने मला बोलून नाही, बघून सांगितलं.
रिटाच्या केकच्या काट्यावर ठेवला. ४१८.
म्हणजे पाचवा थर जुळला. खड्ड्याची गरज नाही, गुडघ्याची परीक्षा नाही, थीसिस उद्या पूर्ण. मॅडम काल भावाकडे पोचल्या, उद्या पहाटे वर निघणार. भावाचा नंबर माझ्याकडे आहे. आत्ता इथे चार, तिथे साडेसहा. बूट दारात काढून ठेवले असतील.
सांगायला हवं. चूक कळली की लगेच सांगावी, हे मेलीला मीच शिकवतो. आणि सांगितलं तर त्या वर जाणार नाहीत. भाऊ जाऊ देणार नाही, नवरा तर नाहीच.
मेली शेजारी उभी आहे, डोळे पुसतेय. म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, "पप्पा, परवा सांगितलं तर?"
अर्धा नंबर फिरवून रिसीव्हर खाली ठेवलाय. दगड फोनजवळच आहे.